मतभेदाची किंमत कोण मोजतं?

पोप लिओ चौदावे ८ मे २०२५ रोजी निवडून आले. त्या रविवारी, ११ मे रोजी, सेंट पीटर्स चौकात जमलेल्या लोकांसमोर ते म्हणाले, ‘युद्ध पुन्हा कधीही नको.’ भारत-पाकिस्तान शस्त्रसंधीचं स्वागतही त्यांनी त्याच वेळी केलं. पहलगामला २२ एप्रिलला सव्वीस माणसं मारली गेली होती, त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली. ७ मे ते १० मे या चार दिवसांत पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पुढच्या रविवारी कोल्हापुरात आमच्या चर्चच्या आवारात मिस्सा सुटल्यावर यावरून चांगलीच जुंपली. एरवी मिस्सेनंतरच्या गप्पा म्हणजे पोरांचे दहावीचे मार्क, उसाचं बिल, नाहीतर आजऱ्याला कुणाचं लग्न ठरलंय त्याची चौकशी. त्या दिवशी लष्करातून निवृत्त झालेले आमचे एक काका तावातावानं बोलत होते. ‘रोममध्ये बसून शांती शांती म्हणायला काय जातंय? ज्यांच्या घरातला माणूस पहलगामात गेला त्यांच्या दारात जाऊन सांगा म्हणावं.’ त्यांच्यासमोर उभ्या होत्या त्या बाईंनी जन्मभर पोरांचे धर्मशिक्षणाचे वर्ग घेतलेत. त्या तितक्याच ठामपणे म्हणाल्या, ‘पोपमहाशय बोलले ना? मग विषय संपला. त्यावर बोलणारे आपण कोण?’ फादर मध्ये उभे होते. ते काहीच बोलले नाहीत.

मला दोन्ही बोलणी खटकली. काकांचा राग खटकला नाही, तो मला समजतो. पोपनी युद्धावर बोलूच नये, हे खटकलं. बाईंची श्रद्धा खटकली नाही. श्रद्धा म्हणजे विचार दुसऱ्यावर सोपवून मोकळं होणं, हा त्यामागचा समज खटकला. मी वर्षानुवर्षं शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळं घरी आल्यावर सवयीनं जुने संदर्भ काढून बसले.

कॅथलिक शिकवण शस्त्र टाकून बसा असं सांगत नाही, हे आधी काकांसाठी. हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी बोनिफेस नावाच्या रोमन सेनापतीला लिहिलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. शांतीची इच्छा धर, युद्ध करावं लागलं तर केवळ गरज म्हणून कर, असा त्याचा आशय. ऑगस्टीन यांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. शहाण्या माणसावर न्याय्य युद्ध करायची वेळ आली, तरी तशी वेळ आली याचंच त्याला दुःख होईल. ज्याला ते होत नाही, त्याच्यातली माणुसकी गेली असं समजावं. पुढं तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तीन अटी घातल्या: युद्ध पुकारणारी सत्ता अधिकृत असावी, कारण न्याय्य असावं आणि हेतू शुद्ध असावा.

१९९२ च्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे कॅथलिक शिकवणीच्या अधिकृत ग्रंथात, परिच्छेद २३०९ ला या अटी अधिक कडक होऊन येतात. आक्रमकानं केलेली हानी दीर्घकाळ टिकणारी, गंभीर आणि निश्चित असली पाहिजे. बाकीचे सगळे मार्ग अशक्य किंवा निरुपयोगी ठरलेले असले पाहिजेत. यशाची खरीखुरी शक्यता असली पाहिजे. आणि जे संकट दूर करायला निघालो त्याहून मोठं संकट शस्त्रांनी उभं करता कामा नये. आधुनिक संहारक शस्त्रांच्या काळात या शेवटच्या अटीचं वजन फार वाढतं, हेही तिथंच नोंदलेलं आहे. दोन अण्वस्त्रधारी शेजाऱ्यांच्या भांडणात राहणाऱ्या माणसानं ते वाक्य वाचून बघावं. दहा मेला संध्याकाळी शस्त्रसंधीची बातमी आली तेव्हा मला जो सुटकेचा श्वास आला, त्यात देशप्रेम कमी पडलं असं मला अजिबात वाटत नाही.

शाळेतल्या माझ्या एक सहकारी शिरोळ भागातल्या जैन शेतकरी घरातल्या. त्यांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘अगं, आमच्यात हेच वेगळ्या वाटेनं येतं.’ हिंसेचे चार प्रकार त्यांनी बोटांवर मोजून दाखवले: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ठरवून केलेली ती संकल्पी हिंसा, ती श्रावकाला पूर्ण वर्ज्य. चढाई करून आलेल्याला तोंड देताना घडते ती विरोधी, आणि गृहस्थाला ती दर वेळी टाळता येत नाही. कोल्हापूरच्या शिलाहार राजा गंडरादित्याचा सामंत निंबदेव जैन होता. तो युद्धावरही जाई आणि वसती, म्हणजे जैन मंदिरंही, बांधे. ‘पण म्हणून विरोधी हिंसेचं पुण्य होत नाही हं,’ माझ्या सहकारी म्हणाल्या, ‘ती हिंसाच राहते.’ ऑगस्टीन यांना हे वाक्य पटलं असतं.

आता धर्मशिक्षणाच्या बाईंच्या म्हणण्याकडं येते. धर्मपीठ बोललं की विषय संपतो का?

आम्ही ऑक्टोबरभर घरोघरी जपमाळ म्हणतो. संध्याकाळी सात-साडेसातला शेजारपाजारची दहा-बारा माणसं एका घरात जमतात, मरियामातेच्या मूर्तीपुढं झेंडूचा हार असतो, लहान पोरं पाचव्या रहस्याला पेंगायला लागतात आणि शेवटी उकडलेले हरभरे नाहीतर केळी वाटतात. या महिन्यातला ७ ऑक्टोबरचा सण मुळात आरमारी लढाईच्या विजयाचा आहे, हे त्या हरभऱ्याच्या द्रोणाकडं बघून कुणाच्या मनात येणार नाही. १५७१ साली त्या दिवशी लेपांतोच्या समुद्रात ख्रिस्ती राज्यांच्या आरमारानं तुर्कांचा पराभव केला. त्या आरमाराची आघाडी उभी केली होती पोप पायस पाचवे यांनीच, आणि विजयाच्या मातेचा सण म्हणून तो दिवस त्यांनीच सुरू केला. त्याच्या आधी १०९५ साली क्लेरमाँच्या सभेत पोप अर्बन दुसरे यांनी पहिल्या क्रूसयुद्धाची हाक दिली होती. म्हणजे धर्मपीठानं युद्धाची हाकही दिलेली आहे आणि ‘युद्ध नको’ असंही सांगितलेलं आहे. पहिल्या महायुद्धात १ ऑगस्ट १९१७ ला पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी लढणाऱ्या देशांना पत्र लिहून त्या युद्धाला निरर्थक कत्तल म्हटलं. ते कुणी ऐकलं नाही. मराठा पलटणींतली माणसं त्या सुमाराला मेसोपोटेमियात लढत होती.

तेव्हा ‘पोप म्हणाले म्हणून’ हे उत्तर मला पुरत नाही. ‘पोपना काय कळतं’ हे तर त्याहून पुरत नाही. मतभेद करायचाच तर तो कसा असतो, हे शोधता शोधता मी ऑस्ट्रियातल्या एका शेतकऱ्यापाशी येऊन थांबले.

फ्रान्त्स येगरश्टेटर. जन्म २० मे १९०७, वरच्या ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड या खेड्यात. तरुणपणी गावात मोटारसायकल घेऊन फिरणारा, थोडा दांडगट म्हणून ओळखला जाणारा. फ्रान्त्सिस्काशी लग्न झाल्यावर प्रार्थनेत मन रमायला लागलं. तीन मुली झाल्या. १९३८ च्या एप्रिलमध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळल्यावर कौल घेतला, तेव्हा सगळ्या गावात विरोधात मत देणारा हा एकटा. १९४० मध्ये त्याला सैन्यात बोलावलं, शिक्षण दिलं, मग शेतीसाठी परत सोडलं. परत आल्यावर त्यानं ठरवलं की पुन्हा बोलावलं तर जायचं नाही. वेड्या-पांगळ्या माणसांना पद्धतशीर मारलं जातंय हे त्याला कळलं होतं. हे युद्ध न्याय्य नाही आणि त्यात भाग घेणं पाप आहे, एवढं त्याला स्पष्ट दिसत होतं.

तो एकट्यानं ठरवून मोकळा झाला नाही, यासाठी मला तो फार जवळचा वाटतो. त्यानं गावच्या धर्मगुरूंना विचारलं. ओळखीच्या इतर धर्मगुरूंना विचारलं. शेवटी लिंझला जाऊन थेट बिशपांना भेटला. बिशप जोसेफ फ्लिसर यांनी त्याला समजावलं की युद्ध न्याय्य आहे की नाही हे ठरवणं तुझ्यासारख्या खासगी माणसाचं काम नाही; तुझी जबाबदारी तुझ्या कुटुंबाची. वाईट माणूस बोलतोय असं हे बोलणं नाही. बायको आणि तीन लहान मुली असलेल्या माणसाला फासापासून वाचवायला निघालेला वडीलधारा असंच बोलेल. त्या बिशपांच्या जागी आपले फादर असते तर तेही हेच बोलले असते, आणि मीही त्यांच्याकडं बघून मान हलवली असती.

येगरश्टेटर घरी आला आणि त्यानं आपलं मत बदललं नाही. १ मार्च १९४३ ला तो एन्सच्या छावणीत हजर झाला आणि बंदूक उचलणार नाही म्हणून सांगितलं. जखमींची शुश्रूषा करायला मात्र तो तयार होता. तो प्रस्ताव धुडकावला गेला. आधी लिंझचा तुरुंग, मग बर्लिनचा. ६ जुलैला लष्करी न्यायालयानं मृत्युदंड दिला. जुलैच्या मध्यावर फ्रान्त्सिस्का गावच्या धर्मगुरूंसोबत त्याला शेवटचं भेटायला गेली. ती भेट वीस मिनिटांची होती, आणि त्या वीस मिनिटांतही सोबतचे धर्मगुरू त्याचं मन वळवायचा प्रयत्न करत राहिले. तुरुंगातल्या धर्मगुरूंनी त्याला सांगितलं की तुझ्या आधी एका धर्मगुरूनं हेच केलंय. फ्रान्त्स राइनिश नावाच्या त्या धर्मगुरूनं हिटलरच्या निष्ठेची शपथ नाकारली आणि २१ ऑगस्ट १९४२ ला त्याचा शिरच्छेद झाला. हे ऐकून येगरश्टेटरच्या मनावरचं ओझं उतरलं. आपण चुकलो नाही, आपल्या ख्रिस्तसभेतच आपल्यासारखा कुणीतरी आहे, एवढं त्याला हवं होतं. ९ ऑगस्ट १९४३ ला ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात त्याला गिलोटिनखाली मारलं.

युद्ध संपल्यावर त्याच्याबद्दलचा लेख बिशपांच्या धर्मप्रांताच्या पत्रकात छापायला निघाला, तेव्हा बिशपांनी तो अडवला. कर्तव्य म्हणून लढून मेलेले तरुण त्यांच्या लेखी मोठे वीर होते. विधवेचं निवृत्तिवेतन फ्रान्त्सिस्काला १९५० मध्ये मिळालं. तोवर, आणि त्यानंतरही, गावात तिनं काय काय ऐकलं असेल याची कल्पना कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही खेड्यातल्या बाईला सांगावी लागणार नाही. ‘पोरींचा तरी विचार करायचा होता.’

एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. थॉमस रॉबर्ट्स हे इंग्रज जेझुइट १९३७ पासून मुंबईचे आर्चबिशप. या पदावर भारतीय माणूस यावा म्हणून ते स्वतःहून बाजूला झाले आणि १९५० मध्ये पद सोडलं. त्यांच्या जागी व्हॅलेरियन ग्रेशस आले, जे पुढं भारताचे पहिले कार्डिनल झाले. याच रॉबर्ट्स यांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपुढं, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेपुढं, येगरश्टेटरची कहाणी मांडली. सदसद्विवेकाला स्मरून लढायला नकार देणाऱ्यांच्या हक्काला परिषदेनं मान्यता द्यावी, असं त्यांचं मागणं होतं. ७ डिसेंबर १९६५ ला परिषदेनं मंजूर केलेल्या दस्तऐवजात अशा माणसांसाठी कायद्यानं माणुसकीची तरतूद करावी, असं आलं. त्याच दस्तऐवजात सदसद्विवेकाला माणसाचा अत्यंत गुप्त गाभारा म्हटलं आहे, जिथं तो देवासोबत एकटा असतो. आणि २६ ऑक्टोबर २००७ ला, ज्या लिंझमध्ये बिशपांनी त्याला परत पाठवलं होतं त्याच लिंझच्या कॅथेड्रलमध्ये, ख्रिस्तसभेनं येगरश्टेटरला ‘धन्य’ घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या अलीकडची पायरी दिली. चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्त्सिस्का समोर होती.

हे सगळं मी फादरांना सांगितलं तेव्हा त्यांनी कॅटेकिझमच्या २३०९ मधलंच शेवटचं वाक्य माझ्यापुढं ठेवलं. अटी पूर्ण होतात की नाही याचा विवेकपूर्ण निर्णय सार्वजनिक हिताची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांचा, असं ते वाक्य सांगतं. फादर म्हणाले, ‘सरकारकडं जी माहिती असते ती आपल्याकडं नसते. आपण कशाच्या जोरावर ठरवणार?’ प्रश्न रास्त आहे. पण त्या वाक्याचा अर्थ ‘बाकीच्यांनी गप्प बसावं’ असा होत नाही, हे माझं ठाम मत आहे. चारच परिच्छेद पुढं, २३१३ मध्ये, आंधळं आज्ञापालन गुन्ह्याला माफी मिळवून देत नाही, असं स्वच्छ लिहिलंय. चारशे ऐंशी वर्षांहून आधी, १५३९ मध्ये, सालामांका विद्यापीठात फ्रान्सिस्को दे व्हितोरिया हे डोमिनिकन गुरू शिकवत होते की धर्म वेगळा आहे हे युद्धाचं न्याय्य कारण होऊ शकत नाही. युद्ध अन्यायाचं आहे अशी ज्या प्रजाजनाची खात्री आहे, त्यानं राजाची आज्ञा असली तरी लढू नये, हेही त्यांनी शिकवलं. स्पेनचं साम्राज्य अमेरिका जिंकत होतं तेव्हा स्पेनमध्येच बसून हे बोलायला छाती लागते. निर्णय राज्यकर्त्यांनी घ्यायचा हे खरं. पण राज्यकर्त्यानं दिलेलं उत्तर हातात बंदूक घेऊन अंमलात आणणाऱ्या माणसाचा आत्मा राज्यकर्त्याच्या हवाली केलेला नाही.

उलट बाजूचा मतभेदही बघायला हवा. २००३ मध्ये अमेरिका इराकवर चालून जायच्या तयारीत होती. १३ जानेवारीला पोप जॉन पॉल दुसरे यांनी राजदूतांसमोर युद्ध हा मानवतेचा नेहमीच पराभव असतो असं सांगितलं. ५ मार्चला त्यांचे दूत कार्डिनल पिओ लागी वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्ष बुश यांना भेटले. तरी युद्ध झालं. अमेरिकेतल्या काही नामवंत कॅथलिक विचारवंतांनी पोपशी मतभेद जाहीर केला. मायकेल नोव्हाक तर फेब्रुवारीत रोमला जाऊन या युद्धाची न्याय्य बाजू मांडून आले. आणि त्यांना तो अधिकार होता. पुढच्या वर्षी कार्डिनल रात्सिंगर, जे नंतर पोप बेनेडिक्ट सोळावे झाले, त्यांनी लिहून दिलं की युद्धाच्या निर्णयाबाबत पोपशी मतभेद असलेला कॅथलिक तेवढ्यामुळं कम्युनियनला, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर घ्यायला, अपात्र ठरत नाही. गर्भपाताबाबत तशी मुभा नाही; तो मुद्दा वेगळा, हा वेगळा.

बिशपांतही फूट होती. ओहायोतले रोमेनियन कॅथलिक बिशप जॉन मायकेल बोटियन यांनी आपल्या लोकांना लिहिलं की या युद्धात भाग घेणं हे गंभीर पाप आहे. सैन्याचे आर्चबिशप एडविन ओब्रायन यांनी लिहिलं की सैनिकांनी नेत्यांच्या प्रामाणिकपणावर भरवसा ठेवून निर्धास्त मनानं कर्तव्य करावं. एकाच ख्रिस्तसभेतले दोन बिशप, एकाच महिन्यात. ज्या वीस वर्षांच्या पोरानं दोन्ही पत्रं वाचली असतील त्याचा मी विचार करते. ज्या सामूहिक संहाराच्या शस्त्रांचं कारण देऊन युद्ध केलं, ती पुढं सापडली नाहीत. ती चूक विद्वानांच्या लेखांत एक तळटीप होऊन राहिली. भोगली ती इराकी माणसांनी आणि त्या पोरांनी.

इथं मला माझा मुद्दा सापडला. धर्मपीठाशी मतभेद करायला माणसाला मुभा आहे. पण मतभेद करणारा स्वतः किंमत मोजतोय की दुसऱ्याला मोजायला लावतोय, हे मी आधी बघते. येगरश्टेटरचा मतभेद बिशपांशी होता आणि त्यानं स्वतःची मान दिली. ज्यांनी इराकच्या वेळी पोपना चुकीचं ठरवलं त्यातले बहुतेक घरीच होते.

शांतीच्या बाजूनं बोलला तो खरा आणि युद्धाच्या बाजूनं बोलला तो खोटा, इतकं मात्र हे सोपं नाही. मार्च २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांची एक मुलाखत आली. युक्रेनबद्दल बोलताना त्यांनी पांढरं निशाण दाखवून वाटाघाटी करण्याच्या धाडसाचा उल्लेख केला. व्हॅटिकनच्या प्रवक्त्यांनी खुलासा केला की शरणागती म्हणायचं नव्हतं, शस्त्रसंधी आणि चर्चा म्हणायचं होतं. पण युक्रेनियन ग्रीक कॅथलिक ख्रिस्तसभेच्या बिशपांनी लगेच निवेदन काढलं: आम्ही शरण जाऊ शकत नाही, शरण जाणं म्हणजे मरण. हे रोमशी एकनिष्ठ बिशप आहेत, आणि त्यांचा मतभेद लढत राहण्याच्या बाजूचा आहे. पण ते बोलतात तेव्हा त्यांच्या लोकांच्या डोक्यावर क्षेपणास्त्रं पडत असतात. तो मतभेद मला खरा वाटतो. पोप फ्रान्सिस यांनी ३ ऑक्टोबर २०२० च्या ‘फ्रातेल्ली तुत्ती’ या परिपत्रात लिहिलं की पूर्वीच्या शतकांत घडवलेले निकष लावून आज ‘न्याय्य युद्धा’बद्दल बोलणं फार कठीण झालं आहे. मी ते वाचते, मला ते पटतं, आणि युक्रेनच्या बिशपांचं वाक्यही मला सोडून देता येत नाही.

कोल्हापूरच्या माणसाला धर्मपीठाशी भांडण ही काही परकी गोष्ट नाही. १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेच्या घाटावर शाहू महाराजांच्या स्नानाच्या वेळी वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त म्हटले जात आहेत हे लक्षात आलं आणि वेदोक्त प्रकरण उभं राहिलं. राजोपाध्यांनी वेदोक्त करायला नकार दिला, महाराजांनी त्यांची इनामं काढून घेतली, आणि १९२० मध्ये तर पाटगावच्या मौनी महाराजांच्या गादीवर सदाशिवराव बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू म्हणून बसवलं. हे सगळं मी पोरांना अभिमानानं शिकवलं, अजूनही मला त्याचा अभिमान आहे. पण महाराज राजे होते. त्यांच्या हातात इनामं काढून घ्यायची ताकद होती.

भाऊराव पाटील यांच्याकडं तशी ताकद नव्हती. ते तेव्हा कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत होते. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला ते गेले. परत आल्यावर शुद्धीसाठी अंघोळ करून मग जेवायला बसायचं, असा बोर्डिंगचा नियम. भाऊरावांनी अंघोळ करायला नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. कोवळ्या वयाच्या पोरानं आपल्याच धर्माच्या, आपल्याच भल्यासाठी उघडलेल्या घरातल्या वडीलधाऱ्यांपुढं एका बादलीभर पाण्यासाठी राहण्या-जेवण्याची सोय सोडली. पुढं १९१९ ला रयत शिक्षण संस्था उभी राहिली, ती नंतरची गोष्ट. त्या संध्याकाळी त्यांना फक्त एवढंच ठाऊक होतं की आज जेवायला मिळणार नाही.

हे मी माझ्या मनाच्या समाधानासाठी लिहीत नाही. आमच्या चर्चमधली दोन पोरं सध्या सैन्य भरतीची तयारी करतायत. पहाटे साडेचारला राजाराम तलावाच्या रस्त्याला गेलं की अंधारात बुटांचा आवाज आधी येतो आणि मग पोरं दिसतात, ओळीनं पळणारी, तोंडानं श्वास सोडणारी. सोळाशे मीटरची वेळ सेकंदांनी कमी करायची असते. टेंबलाई टेकडीला टेरिटोरियल आर्मीची भरती निघाली की आसपासच्या जिल्ह्यांतली पोरं रात्री रस्त्याच्या कडेला पथारी टाकतात. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचं नावच सैनिक आहे. या भागात सैन्यात जाणं हे पोट आहे, मान आहे आणि परंपरा आहे. कुणी त्याकडं संशयानं बघू नये. मीही बघत नाही. आपल्याकडं सक्तीची भरती नाही, हेही चांगलंच आहे.

माझ्या सहकारी मैत्रिणीचे सासरे, त्यांना सगळे आबाच म्हणत, ७१ ला पूर्वेच्या आघाडीवर होते. मी त्यांना एकदा विचारलं होतं की लढाई बरोबर आहे का नाही असं कधी मनात आलं का. ‘आमाला कोन इचारतंय, आन आमीबी कुनाला इचारलं न्हाई,’ ते म्हणाले. मग थोडा वेळ गेल्यावर आपणहून म्हणाले, ‘पर कैद्याला हात लावू दिला न्हाई कुनाला. माझ्या राखणीला हुते त्ये.’ त्यांच्या हाताखालच्या एका शिपायाला सूड घ्यायचा होता, त्याला त्यांनी रात्रभर दुसऱ्या टोकाला उभं केलं होतं. कैदी आणि जखमी यांना माणुसकीनं वागवलंच पाहिजे, हे २३१३ मध्ये आहे. आबांनी कॅटेकिझमचं नावही ऐकलं नव्हतं.

म्हणून मी फादरांकडं परवानगी मागितली की या पोरांना आणि त्यांच्या मित्रांना एका रविवारी येगरश्टेटर सांगते. फादर आधी नको म्हणाले. ‘पोरांच्या आईबापांना वाटेल आपण भरतीला जाऊ नका म्हणतोय. आणि बाहेर कुणी ऐकलं तर आपण देशाच्या विरोधात बोलतो म्हणतील.’ दुसरी भीती खोटी नाही. अल्पसंख्य असण्यातली ही रोजची काळजी आहे आणि ती फादरांनाच वाहावी लागते. तरीही मी आग्रह सोडला नाही. शपथ घ्यायच्या आधी सांगितलं तर उपयोग आहे, नंतर सांगून काय करायचं? शेवटी मिस्सेनंतर हॉलमध्ये एक तास द्यायला ते तयार झाले. स्वतः मागच्या बाकावर येऊन बसले. काकाही आले.

पोरांनी शांतपणे ऐकलं. मग त्यातला एक, ज्याचं सोळाशे मीटर आता पाच मिनिटं चाळीस सेकंदांवर आलंय, त्यानं विचारलं, ‘आत्या, त्याच्या बायकोनं त्याला अडवलं नाही?’

सुरुवातीला अडवलं, मी सांगितलं. मग तिनं पाहिलं की गाव, नातेवाईक, धर्मगुरू, बिशप, सगळेच त्याला अडवतायत. मग ती त्याच्या बाजूनं उभी राहिली, कारण त्याच्याकडं दुसरं कुणीच उरलं नव्हतं.

‘म्हणजे किंमत तिनंच मोजली की,’ तो म्हणाला. ‘तो एका दिवसात सुटला. ती बाई सत्तर वर्षं राहिली.’

फ्रान्त्सिस्का २०१३ साली, शंभरी ओलांडून गेली. मी म्हटलं, हो, तिनं मोजली, आणि त्या तीन पोरींनीही. मागून काका म्हणाले, ‘मग तुझा हिशोबच चुकला की. स्वतःची किंमत स्वतः मोजणारा खरा म्हणालीस ना?’ मी म्हटलं, हिशोब चुकला नाही, पुरा नव्हता. घरच्यांना विचारून, त्यांना सोबत घेऊन किंमत मोजणं वेगळं आणि अनोळखी माणसाच्या पोराला पुढं ढकलणं वेगळं. काकांना ते पटलं नाही. सैनिकसुद्धा घरच्यांना सोबत घेऊनच जातो, असं त्यांचं म्हणणं. यावर फादर पहिल्यांदा बोलायला उभे राहिले, आणि ठरलेला एक तास टळून गेला तरी हॉल कुणी सोडला नाही.